साडू चिरेबंदी

पन्नाशी उलटली, फ्लॅटचे हप्ते फिटले आणि मुलगा कॅनडात रुळला की पुण्या-मुंबईच्या काही गृहस्थांच्या बोलण्यात एकाएकी माती येऊ लागते. पुढे ती मोबाइलमधल्या फोटोंत दिसते आणि शेवटी तिच्यात पैसे जातात. "आता गावाकडे एक साधंसं घर बांधायचं. कौलारू. सगळं हाताने केलेलं," असं ते चारचौघांत सांगतात. हा साधेपणा किती लाखांना पडणार हे आर्किटेक्टला तेव्हाच दिसतं, म्हणून तो मनापासून मान डोलावतो.

कोकणात आता दर दोन वाड्यांआड असा एक गृहस्थ सापडतो. मी ज्यांना जवळून पाहिलं ते नात्याने माझे साडू. पूर्वी ते एका कंपनीचे सर्व्हर सांभाळायचे, आता कुडाळ तालुक्यात चिरे सांभाळतात.

त्यांचं मूळ घर त्याच गावात आहे. खरंखुरं जुनं, फणसाच्या खांबांचं, मातीच्या भिंतींचं. पण त्याच्या सातबाऱ्यावर सतरा नावं. त्यातली काही मुंबईत, काही बडोद्याला, दोन स्वर्गात, आणि एक चुलतभाऊ असा की जो सही सोडून बाकी सगळं द्यायला तयार असतो. कौल बदलायचं म्हटलं तरी कुणीतरी वकिलाकडे जातो. तेव्हा साडूंनी हाकेच्या अंतरावर दुसरी जागा घेतली. महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला आधी शेतकरी असावं लागतं, १९४८ च्या कूळकायद्याने तसं ठरवून ठेवलंय. साडूंनी आयुष्यात कुंडीतला मोगराही जगवलेला नाही, पण त्या सतरा नावांत त्यांचं नाव होतं, तेवढ्यावर ते शेतकरी ठरले. ज्या घरात राहता येत नाही त्या घराच्या जोरावर त्यांनी जागा घेतली आणि तिथे अगदी तसंच घर नव्याने बांधायला काढलं. पायवाटेच्या एका बाजूला जुनं घर पडत होतं आणि दुसऱ्या बाजूला जुनं घर चढत होतं.

सुरुवात दारापासून झाली. मुंबईच्या चोरबाजारात त्यांना एक कोरीव दार दिसलं, चौकटीवर गजलक्ष्मी. दार आलं होतं मूळ तमिळनाडूतल्या चेट्टिनाडहून, तिथल्या सावकारांच्या हवेल्यांतून अशी दारं विकायला बाहेर पडतात. आमच्याकडच्या जुन्या घरांची दारं ठेंगणी, वाकून आत शिरावं अशी. हे दार असं की हत्तीवर बसून आत जावं. ते बसेना म्हणून भिंत उंचावली, भिंत उंचावली म्हणून छप्पर उंचावलं, छप्पर उंचावलं म्हणून वासे कमी पडले. पाहुण्यांना मात्र साडू चौकटीवर हात ठेवून "ही आपली कोकणची कारागिरी" असं सांगतात. लक्ष्मीच्या बाजूचे हत्ती ऐकून घेतात.

कौलं त्यांनी शेजारच्या काकींकडून घेतली. काकींनी स्लॅब टाकायला काढला होता आणि उतरवलेली कौलं मांगराच्या मागे रचून ठेवली होती. वानरांनी त्यांना जेरीस आणलं होतं. दर उन्हाळ्यात उड्या मारून कौलं फोडायची, दर मिरगाच्या आधी वर चढून ती परतायची आणि तरी आषाढात चुलीवर पाणी. साडूंनी प्रत्येक कौल हातात घेऊन पाहिलं, पाठीवरच्या इंग्रजी शिक्क्यावरून बोट फिरवलं आणि मागितली ती किंमत दिली. मी म्हटलं, ही कौलं आपल्या पूर्वजांची खरी, पण कारखाना परक्यांचा. बासेल मिशनच्या लोकांनी १८६५ साली मंगळुरात तो काढला, त्याआधी इकडे कुंभाराच्या हातचे नळे असायचे. साडूंचे डोळे चमकले. "म्हणजे हेरिटेज!" म्हणाले आणि शिक्का दिसावा म्हणून एक कौल त्यांनी दिवाणखान्यात फ्रेम करून लावलं. छपराला तेवढंच एक कमी पडलं. पहिल्या पावसात नेमकं तिथून गळलं.

भिंती जांभ्याच्या, हे बरं केलं. चिरा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, वारा-ऊन खाऊन घट्ट होतो, आणि तो लाल रंग कुठल्याच डब्यात मिळत नाही. पण सांधे चुन्यानेच भरायचे असा हट्ट. चुना भिजवायचा, त्यात गूळ, बेलफळाचं पाणी, सगळं वाचून ठेवलेलं. गवंडी पिढीजात, तो म्हणाला, "साहेब, चुनो बरो, पण पाऊस तुमचा काय ऐकाचो नाय." सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो, त्याला आदर म्हणून काही आहे. साडूंनी मानलं नाही. तेव्हा ते पुण्याला गेले की गवंडी चुन्यात सिमेंट कालवायचा आणि ते परतले की गूळ. हे अख्ख्या वाडीला माहीत आहे. साडूंना नाही. संध्याकाळी ते भिंतीवर थाप मारून म्हणतात, "बघा, गुळाची ताकद."

सारवणाचं प्रकरण वेगळंच. जमीन शेणाचीच हवी. काकींना विचारलं तर त्या म्हणाल्या, "शेण खयसून हाडू भाऊनू? गुरां रवली खंय आता?" वाडीत दूध पिशवीतून येतं. शेवटी पलीकडच्या गावाहून टेम्पोने शेण आलं, भाड्यासकट. काकी उकिडव्या बसल्या, डाव्या हाताने कालवलेलं शेण पुढे सरकवायचं आणि उजव्या हाताचा पंजा मनगटापासून फिरवायचा. एका फेऱ्यात एक अर्धगोल, त्याच्या कडेला दुसरा, प्रत्येकाची बोटं आधीच्यात नेमकी अडकलेली. मागे सरकत सरकत त्या उंबऱ्यापर्यंत आल्या तेव्हा जमिनीवर एकसारखी लाट उमटली होती. साडूंनी एक कोपरा स्वतः केला. तो कोपरा आता मोठ्या पितळी समईखाली असतो.

दिवाळीच्या आधी खळं करायची वेळ आली. माती उकरून, पाणी मारून चोपण्याने चोपायची असते. चोपणं कुठे आहे म्हणून शोधाशोध झाली. ते दिवाणखान्याच्या भिंतीवर, वर पिवळा दिवा लावून टांगलेलं होतं. गडी आत आला, त्याने ते उतरवलं आणि दिवसभर चोपलं. साडू संध्याकाळी ते पुसून पुन्हा दिव्याखाली लावत होते तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर, म्युझियममधली तलवार कुणी लढाईला नेऊन आणल्यासारखा भाव होता.

आणि घंगाळ. काकींच्या सासूबाईंचं, तांब्याचं, चार बाळंतपणांचं पाणी विसणलेलं. साडूंनी त्याचं वॉशबेसिन केलं. माझ्या बायकोने ते कौतुकाने काकींना दाखवलं. काकींनी आत वाकून पाहिलं, खाली नळी पाहिली आणि तोंडावर पदर घेतला. "गे बाई! ह्येनी घंगाळाक भोक पाडल्यानी!" त्यांच्या आवाजात जे दुःख होतं ते घंगाळ विकताना नव्हतं.

भिंतीवरची चित्रं साडूंच्या भाचीने काढली, गेरूवर पांढऱ्या ॲक्रिलिकने, वारली. हौस चांगली, हातही चांगला. तिने मधोमध जो चौकोन काढला तो वारल्यांचा लग्नचौक. आत पालघाट देवी. लग्नघरात सवाष्णींनी तांदळाच्या पिठाने काढायचा, इथे तो पाहुण्यांच्या बाथरूमसमोर आला. मला खटकतं ते वेगळं. वारल्यांचं डहाणू-तलासरी इथून शेकडो किलोमीटर, आणि कुडाळला लागून पिंगुळी. तिथे ठाकर मंडळींनी चित्रकथीची कला पिढ्यान्‌पिढ्या जपली आहे, त्यांच्यातल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. ऑफिसात आयुष्यभर लांबचे सर्व्हर सांभाळायची सवय, त्यामुळे जवळचं काही दिसत नाही. मी हे सुचवलं तेव्हा साडू म्हणाले, "पण वारली सगळ्यांना ओळखू येते ना!" बरोबर आहे. फोटोत ओळखू आलं पाहिजे.

मेव्हणीचा या सगळ्यात वाटा एवढाच की तिने मातीच्या चुलीमागे बांबूचा पडदा लावला आणि पडद्यामागे गॅस. चूल छान आहे, तिच्यावर मनीप्लांट ठेवलाय.

मात्र साडूंनी एक वस्तू खरोखर आपल्या हाताने केली, हे न सांगणं अन्याय होईल. करवंटीचा डवला. एक अख्खा पावसाळा ते पडवीत करवंटी घासत होते. आधी जाड पॉलिश पेपर, मग बारीक, मग त्याहून बारीक, मग खोबरेल लावून फडक्याने. काळी, गुळगुळीत, आत तोंड दिसावं अशी झाली. मग बांबूच्या दांडीसाठी दोन भोकं पाडली. ती काठाजवळ हवीत, साडूंनी सौंदर्यदृष्टीने खाली पाडली. आमटी अर्ध्यावर आली की भोकांतून गळते, त्यामुळे प्रत्येकाला दोनदा वाढावं लागतं. एकदा मेव्हणीने मुकाट्याने स्टीलचा डाव काढला तेव्हा साडू जेवणावरून उठले होते. मला त्या दिवशी ते आवडले. घरातल्या बाकी सगळ्या हस्तकलेत हात दुसऱ्याचे आणि कौतुक यांचं, पण त्या गळक्या डवल्यासाठी हा माणूस भुकेला राहायला तयार होता.

तिकडे मूळ घराची पडवी गेल्या पावसात बसली. साडूंनी हळहळून फोटो काढले आणि चुलतभावाला फोन करून खांब विकत मागितले. त्याने बाजारभावापेक्षा जास्त सांगितला. सौदा झाला. सही लागली नाही.

काकींचं घर मात्र नीट चाललंय. कौलं, घंगाळ, पाटा-वरवंटा, जुनं कपाट यांच्या पैशांत स्लॅब झाला, वर दोन खोल्या निघाल्या, पांढऱ्या टाइल्सच्या, एसीसकट. पर्यटन खात्याच्या 'न्याहारी व निवास' योजनेची पाटीही लागली आहे.

तुम्ही साडूंचं घर बघायला जरूर जा. खळ्यात बसा, भिंतीवर थाप मारा, गुळाचं कौतुक करा, आमटी दोनदा मागून घ्या. झोपायची खोली मात्र काकींकडे आधी फोन करून ठेवा. मे महिन्यात तिथे साडूही झोपायला असतात.