वसंतशोधनाची नागपुरी वहिवाट

विलायती ग्रंथकारांनी वसंतात रानफुले कशी शोधावीत याविषयी जे मार्गदर्शन करून ठेवले आहे, ते अक्षरशः प्रमाण मानून जो नागपूरकर चैत्रात गोरेवाड्याच्या जंगलात मान खाली घालून हिंडेल, त्याला सागाची वाळकी पाने, त्यांच्याखालची आणखी वाळकी पाने आणि क्वचित वनरक्षकाचे जोडे एवढ्याच वस्तूंचे दर्शन घडेल, हे प्रारंभीच नमूद करणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. तिकडच्या अरण्यात वृक्षांची पालवी दाट होऊन ऊन अडण्यापूर्वी भूमीवरील क्षुद्र वनस्पतींना फुलण्याची घाई असते. आमच्या मुलखात त्यांनी मृग नक्षत्रापर्यंतची रजा मंजूर करून घेतलेली असते, व वसंताचा सारा कारभार पर्णहीन वृक्षांच्या शेंड्यांवर चालतो. सबब पहिला नियम असा की, मान वर करावी.

वर पळस दिसेल. त्याला पाने तीनच असा लौकिक असला, तरी ऐन बहरात तीही नसतात. म्हणून पानांवरून ओळख पटविण्याचा ज्यांचा आग्रह असेल त्यांनी आषाढात यावे. इतरांनी झाडाखाली निमूट उभे राहावे, म्हणजे मधाच्या लोभाने साळुंक्या, बुलबुल, शिंजीर आणि मध्य आशियाकडे परतण्यापूर्वी शिधा बांधून घेणाऱ्या पळसमैनांचे थवे आपण होऊन हजेरी लावतात व निरीक्षकास पायपीट करावी लागत नाही. मात्र पांढरा अथवा पिवळा पळस आढळल्यास त्याचा ठावठिकाणा सख्ख्या मेव्हण्यासही सांगू नये. अशा झाडाच्या योगे गुप्तधन हाती लागते, अशी समजूत असलेली मंडळी रात्रीतून त्याची साल, मुळ्या व फांद्या लंपास करतात, आणि दुसऱ्या दिवशी निरीक्षणासाठी केवळ खड्डा शिल्लक राहतो.

मोहाच्या बाबतीत नेत्रांहून नासिकेचा पुरावा अधिक ग्राह्य. त्याची फुले पहाटेपासून टपटप गळतात, आणि ती वेचणाऱ्या बाया उजाडण्यापूर्वीच टोपली घेऊन तेथे पोहोचलेल्या असतात. त्यांना वृक्षाचे लॅटिन नाव सांगण्याचा मोह आवरावा. ते झाड कोणत्या साली किती फुलले हे त्यांना मुखोद्गत असते. पेंचकडच्या जंगलात याच फुलांवर अस्वलाचीही वहिवाट आहे, आणि तेथे हक्काचा वाद उपस्थित न करता मुकाट्याने माघार घेणे इष्ट.

पक्ष्यांपैकी प्रथम कोतवाल शोधावा, कारण त्याच्यामागे इतरांचा शोध सुकर होतो. तो घारीलाही टोचून पिटाळतो, हे जाणून हळद्या आणि होले त्याच्याच झाडावर घरटी बांधतात. याउलट इतरांनी धरलेले किडे तो हिसकावूनही घेतो, परंतु संरक्षणाचा आकार म्हणून ही वसुली सर्वांनी मान्य केलेली दिसते. तांबट दिवसभर ठोके घालतो, पण तो दाखविण्याची जबाबदारी कोणी अंगावर घेऊ नये. हिरव्या पानांत हा हिरवा पक्षी दिसेपर्यंत सोबत्यांचा आपल्यावरील विश्वास उडालेला असतो.

राहता राहिले नेचे. नागपूरच्या वसंतात नेचा पाहण्याचे राजमार्ग दोनच. एक, हंसराज उगवलेली एखादी जुनी, ओलसर विहीर. आणि दुसरा पचमढी. मध्यप्रांताचे सरकार नागपूर राजधानीत असताना उन्हाळा लागताच दप्तरांसह त्या थंड, नेच्यांनी समृद्ध डोंगरावर प्रयाण करी, त्यामागे वनस्पतिशास्त्राची आस्था होती असे मात्र आम्ही म्हणणार नाही.

नऊच्या आत जंगल सोडावे. डोक्याला दुपट्टा आणि खिशात कांदा असला तरी त्यानंतरची निरीक्षणे उन्हाच्या भ्रमात जमा होतात. यादीत दहा नावे भरली नसल्यास निराश होऊ नये. परतीच्या वाटेवर पोह्यांच्या गाडीपाशी कावळा, चिमणी, पारवा व साळुंकी ही चार नावे हमखास मिळतात. ती तर्री हातात पडण्यापूर्वीच टिपून घ्यावीत, कारण तदनंतर डोळ्यांना पाणी येत असल्याने कोणतीही ओळख पुराव्यादाखल स्वीकारता येत नाही.