दोनशे चाळिसावा दिवस

चाकण, रांजणगाव, वाळूज अशा औद्योगिक वसाहतींतील काही कारखान्यांनी कालगणनेचे जे सूक्ष्म शास्त्र विकसित केले आहे, त्याची दखल खगोलशास्त्रज्ञांनी अद्याप घेतलेली नाही, ही खेदाची बाब होय. महाराष्ट्राच्या आदर्श स्थायी आदेशांत, म्हणजे कारखान्यातील सेवाशर्तींच्या नमुना नियमांत, मागील बारा महिन्यांत 240 दिवस अखंड सेवा केलेल्या तात्पुरत्या कामगाराला कायम करण्याची तरतूद आहे. म्हणूनच त्याला साधारण सात महिन्यांनी ‘ब्रेक’, म्हणजे त्याने न मागितलेली बिनपगारी विश्रांती, दिला जातो. बहिणीच्या लग्नासाठी दोन दिवस नाकारणारे व्यवस्थापन येथे स्वतःहून महिनाभर सोडते, हे औदार्य विशेष नोंदवण्याजोगे आहे. परतल्यावर कामगाराला नवे ओळखपत्र, नवा ठेकेदार आणि क्वचित नवे पदनामही लाभत असल्याने नवव्या वर्षी तो त्याच लेथवर ‘प्रशिक्षणार्थी’ म्हणून ताज्या उत्साहाने उभा राहतो. (लेथ मात्र पहिल्या दिवसापासून कायम असते आणि तिच्या प्रकृतीसाठी वार्षिक करारही असतो.)

हे तत्त्व मनुष्यबळ विभागालाही लागू करणे न्याय्यच ठरेल. तसे झाल्यास इतरांचे दिवस मोजणारा कंत्राटी कारकून आपल्या 239व्या दिवशी ब्रेकवर जाईल, त्याच्या गैरहजेरीत संपूर्ण पाळी नकळत 241व्या दिवशी कामावर येईल, आणि या गंभीर चुकीच्या चौकशीसाठी व्यवस्थापन जी समिती नेमेल, तिची मुदत अर्थातच सात महिन्यांची असेल.