चिरंजीव ओकायामात

आठवीपासून जपानीच्या क्लासला जाणाऱ्या पुणेरी मुलांची एक स्वतंत्र जात आहे. त्यातलं एखादं रत्न अकरावीच्या सुमारास विद्यार्थी-अदलाबदलीत ओकायामाला जातं आणि एका भल्या कुटुंबाच्या पदरात पडतं. जपानचं काहीच शिकायचं राहिलेलं नाही, अशी या चिरंजिवांची खात्री असते. अॅनिमे बघून बघून ते तयार झालेले असतात.

घरची मंडळी कौतुकाने त्यांना कोराकुएन दाखवायला नेतात. १७०० साली पूर्ण झालेली, जपानच्या तीन नामांकित बागांपैकी ही एक. तळ्याकाठी उभे राहून चिरंजीव म्हणतात, "हो, आमच्याकडे आहे ही. सिंहगड रोडला." पु. ल. देशपांडे उद्यान या बागेवरून घडवलंय, उलटं नव्हे, हा तपशील ते गाळतात. यजमान कौतुकाने मान डोलावतात.

खरी पंचाईत इथेच आहे. चिरंजीव वाढले ते ओरडा खाऊन. आईचा आवाज जिन्यापर्यंत गेला की चूक झाली, नाही गेला तर सगळं आलबेल, एवढंच त्यांना ठाऊक. आणि ओकायामातल्या त्या माउलीचा आवाज काही केल्या चढत नाही.

पहिल्या रात्री पाहुणा म्हणून आंघोळीचा पहिला मान त्यांचा. तिथली रीत अशी, की बाहेर बसून साबण लावायचा, स्वच्छ व्हायचं आणि मग टबातल्या कढत पाण्यात नुसतं डुंबायचं. त्याच पाण्यात मागून सगळं घर उतरतं. चिरंजिवांनी टबातच फेस केला. वर, आपलं घाण पाणी दुसऱ्याला कशाला, या संस्कारी विचाराने जाताना बूचही उपसलं. रात्री उशिरा कामावरून दमून आलेले यजमान रिकाम्या टबाकडे बघत राहिले. कोणी चकार शब्द काढला नाही. सकाळी टबाच्या वर एक सुबक चित्र चिकटलेलं होतं: बूच, आणि त्यावर लाल फुली.

"किती कलात्मक लोक!" असं चिरंजिवांनी आईला कळवलं.

मग ते संडासातल्या खास चपला घालून थेट जेवायला आले. दुसरं चित्र. भातात काड्या उभ्या खोचून पाणी प्यायला उठले. तिथे तशा काड्या मेलेल्या माणसाच्या भातात खोचतात, त्यामुळे आजीचा घास हातातच राहिला. तिसऱ्या चित्रात काड्या आडव्या ठेवलेल्या होत्या, शेजारी हसरा चेहरा. मासे खात नाही म्हणून सांगितल्यावर माउलीने मिसो सूपमध्ये माशाचा तुकडा दिसू दिला नाही. सूपचं पाणीच सुकवलेल्या माशाचं असतं, हे कळेपर्यंत चिरंजिवांनी रोज दोन वाट्या मागितल्या. कळल्यावर एक. या एका बाबतीत चित्र निघालं नाही. उलट त्यांनी नेलेलं मेतकूट आजी आपल्या भातावर भुरभुरून खाऊ लागली आणि डबा आठवड्यात संपला.

व्हिडिओ कॉलवर चिरंजीव आईला सुनावतात, "बघ, इथे मला कोणी एका शब्दाने बोलत नाही. तूच सारखी ओरडतेस."

आईचं लक्ष त्यांच्या मागच्या भिंतीकडे असतं.

"ती चित्रं कसली रे?"

"माझ्यासाठी काढतात. प्रेमाने."

"बरं," आई म्हणते, "सगळ्यांचे नीट फोटो काढून पाठव. आणि त्यांना विचार, ओल्या टॉवेलचं काढून देतील का?"