करळाची पंचाईत

"काय गो, तुमच्या ओटीवर उतरलेला तो पाहुणा ओहोटीला हातोडी घेऊन कुठे जातो?"

"भूशास्त्राचे प्रोफेसर आहेत, काकू. करळ बघतात."

"करळ? इश्श! आमची विहीर अख्खी करळाची बांधलेली. त्यात काय बघायचंय?"

"मीही तेच म्हटलं. तर त्यांनी भिंगच हातात दिलं. बघते तर वाळू, शिंपल्यांचे तुकडे, काळ्या कातळाचे खडे, आणि मध्ये चिक्कीतल्या पाकासारखा चुना. समुद्राच्या पाण्यात चुना असतोच, शिवाय जमिनीतून झिरपणारं गोडं पाणी शिंपल्यांतला घेऊन येतं. उन्हानं पाणी उडालं की तो दाण्यांना धरतो. हे जमतं भरती-ओहोटीच्या पट्ट्यात, तेही बहुतेक गरम मुलखात. मुंबईच्या बेटांवरही आहे म्हणे."

"हजारो वर्षं लागत असतील."

"छे! परदेशात कोल्ड्रिंकच्या बाटल्या अडकलेल्या सापडल्यात त्यात. आपल्याकडचं मात्र जुनं. आता केवड्याच्या बनातला थर घ्या. तिथे उधाणाचं पाणी तरी पोचतं का?"

"माझ्या हयातीत नाही पोचलं."

"म्हणजे तो थिजला तेव्हा समुद्र तिथवर होता, नाहीतर मागाहून जमीन उचलली गेली. त्यावर त्यांच्या मंडळींतच एकमत नाही. आणि त्याच्याही आधी, 20,000 वर्षांपूर्वी, समुद्र 120 मीटर खाली! सगळं पाणी बर्फात अडकलेलं. आपला किनारा पार पश्चिमेला."

"पण वय कळतं कसं?"

"शिंपल्यातल्या कार्बनवरून. गोम तिथेच आहे. शिंपला आधीचा, चुना नंतरचा. म्हणून दगडाचा पातळ काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली धरतात. चुना दाण्याभोवती सगळीकडून सारखा बसलेला असला, तर दगड पाण्यात बुडून घट्ट झाला. दाण्याच्या खालच्या अंगाला थेंबासारखा लोंबलेला असला, तर उघड्यावर, पाणी निथळताना."

"अगो बाई! पण आमच्या विहिरीला हातोडी लावायची नाही हं."

"लावणार नाहीत. तो दगड त्यांच्या उपयोगाचा नाही. जागेवरून हलवलेला, मुळात किती उंचीवर होता कोण सांगणार?"

"कोण म्हणजे? मी सांगते की! मामंजींनी कुठून काढला ते मला ठाऊक आहे. पाठव त्यांना चहाला. आणि काय गो, लग्न व्हायचंय का त्यांचं?"