आधी पैसे भरा, मग चुका शोधा

सॉफ्टवेअर कंपनीतले पगारी टेस्टर सगळी बटणं ठरल्या क्रमानं दाबतात आणि प्रोग्रॅम गुणी बाळासारखा चालतो. गिऱ्हाईक मात्र वयाच्या रकान्यात मोबाइल नंबर टाकतं आणि अपडेट अर्ध्यावर असताना फोन बंद करतं. असलं कसब पगार मोजूनही मिळत नाही. म्हणून बीटा चाचणी. त्याआधीची अल्फा चाचणी घरातल्या घरात उरकते. बीटा बाहेरच्यांच्या हाती, आधी मोजक्यांची 'क्लोज्ड', मग येईल त्याची 'ओपन'.

बाहेरचे राबतात आणि वर पैसेही मोजतात. 'अल्टिमा ऑनलाइन' या गेमच्या बीटासाठी ओरिजिन कंपनीनं १९९७ मध्ये ५ डॉलर घेतले, तरी हजारोंच्या उड्या पडल्या.

त्या ऑगस्टमध्ये सर्व्हर किती गर्दी सोसतो ते पाहायचं होतं. गेमचे जनक रिचर्ड गॅरियट स्वतः लॉर्ड ब्रिटिश या राजाच्या रूपात प्रजेला दर्शन द्यायला आले. राजा अमर, कोडमध्ये तशी सोयच होती. पण गर्दी जरा जास्तच झाली नि सर्व्हर झोपला. पुन्हा लॉगिन करताना अमरत्व चालू करायचं राहून गेलं. प्रजेत रेन्झ नावाचा एक खेळाडू होता. त्यानं कुणाच्या तरी पोतडीतून अग्निमंत्र लांबवला आणि राजा उभा होता तिथेच सोडला. राजेसाहेब जागच्या जागी आडवे! दरबाऱ्यांनी चिडून प्रजेवर राक्षस सोडले. पुढे रेन्झची हकालपट्टी झाली. ती जुन्या तक्रारींमुळे, खुनामुळे नव्हे, असा खुलासाही आला. खरं तर याहून चोख बग रिपोर्ट कुणी दिला नसेल.

एरवी येणारे रिपोर्ट 'चालत नाही' एवढेच असतात. कुठला फोन, कुठलं व्हर्जन, आधी काय दाबलं, यातलं काही नाही. मग इंजिनिअर उत्तर देतो, 'आमच्याकडे चालतंय.' दोघंही खरं बोलत असतात.

बीटासाठी पैसे ॲपलनंही घेतले. सप्टेंबर २००० मध्ये तिनं 'मॅक ओएस टेन' या संगणक प्रणालीचा बीटा २९.९५ डॉलरना विकला. पुढच्या मे महिन्यात त्याची मुदत संपली आणि तो बंद पडला.

जीमेलची तऱ्हा उलटी. १ एप्रिल २००४ ला आमंत्रणावर सुरू झालेली ही सेवा जुलै २००९ पर्यंत बीटाच होती. तोवर कोट्यवधी लोक तिच्यावर नोकरीचे अर्ज पाठवून मोकळे झाले होते. शेवटी गूगलनं लोगोखालची 'बीटा'ची पाटी काढली आणि चुकल्याचुकल्यासारखं वाटणाऱ्यांसाठी ती परत लावायची सोय सेटिंग्जमध्ये करून दिली.