डोळस दळतात

२००६ सालची सर्वांत मोठी व्यक्ती तुम्ही होतात. विसरला असाल, म्हणून आठवण. ‘टाइम’ने त्या वर्षीचा मान कुणा राष्ट्राध्यक्षाला न देता ‘तुम्हाला’ दिला आणि मुखपृष्ठावर आरशासारखा चकाकता कागद लावला. बघा आपलंच तोंड! कारण काय, तर इंटरनेट आता वाचक-प्रेक्षकच घडवू लागले होते. त्याच वर्षी गूगलने यूट्यूब १६५ कोटी डॉलरला घेतलं. व्हिडिओ लोकांचे, डॉलर मालकांचे, आरसा तुमचा. वाटणी कशी चोख झाली.

या प्रकाराला ‘वेब २.०’ ही पाटी लागली ती टिम ओरायली यांच्या कंपनीने २००४ मध्ये भरवलेल्या परिषदेपासून. लाडकं उदाहरण म्हणून ब्लॉगला पुढे उभं केलं गेलं. ब्लॉग बिचारा आधीपासूनच होता. ‘ब्लॉगर’ ही सेवा १९९९ची. आणि वाचकांनीच लिहिण्याचं म्हणाल, तर १९९६ मध्ये सुरू झालेल्या ‘मायबोली’वर मराठी माणूस पाटी लागायची वाट न बघता भांडतही होता.

ब्लॉगवरच्या भांडणाला मात्र एक शिस्त होती. समोरच्याचं पटलं नाही, तर आपल्या ब्लॉगवर चार परिच्छेद लिहायचे आणि त्याच्या लेखाचा दुवा द्यायचा. २००२ मध्ये ‘ट्रॅकबॅक’ आलं. तुम्ही उत्तर दिलंत, याची वर्दी त्याच्या लेखाखाली आपोआप पोचायची. शिवी द्यायची तरी आपल्याच पानावर द्यावी लागे आणि उद्या तीही आपल्याच खात्यावर दिसे. मग जाहिरातबाजांनी ट्रॅकबॅकमध्ये कचरा ओतला आणि सोशल मीडियाने सगळ्यांना एकाच कंपनीच्या छताखाली गोळा केलं. चार परिच्छेदांचं काम अंगठ्यावर आलं. संवाद वाढला म्हणतात. मोजता येऊ लागला, एवढं नक्की.

ब्लॉगवाल्यांनीही कॉलर ताठ करू नये. बहुतेकांचा पत्ता कुठल्यातरी कंपनीनेच फुकट दिलेला. जुलै २००६ मध्ये आपल्या सरकारने मोजकी संकेतस्थळं अडवायला सांगितली, तर अनेक इंटरनेट कंपन्यांनी अख्खं ब्लॉगस्पॉटच बंद करून टाकलं. पाककृतीवाले, कवितावाले, सगळे एका झटक्यात गप्प. डिसेंबरात हेच लोक ‘टाइम’चे मानकरी!

खरा धडा अमेरिकेतल्या ‘हफिंग्टन पोस्ट’ने दिला. बातमीदार पगारी होते, पण हजारो ब्लॉगर तिथे फुकट लिहीत. मोबदला म्हणजे चार लोकांत नाव. फेब्रुवारी २०११ मध्ये एओएलने हे दुकान ३१.५ कोटी डॉलरला घेतलं. तेव्हा जोनाथन टासिनी आणि इतर काही ब्लॉगरांना जाग आली. आमचा वाटा १०.५ कोटींचा, म्हणत ते न्यायालयात गेले. २०१२ मध्ये दावा निकाली निघाला. न्यायालयाच्या म्हणण्याचा मथितार्थ असा : पैसे मिळणार नाहीत हे ठाऊक असूनच लिहिलंत ना? मग आता तक्रार कसली? कायद्याच्या दृष्टीने बिनतोड. नाव मिळायचं ठरलं होतं, नाव मिळालं.

यातून लोक शहाणे झाले असतील, असं वाटतं? रेडिटवर चर्चा लोकांच्या, त्यावर पहारा देणारे बहुतेक बिनपगारी. २०२४ मध्ये शेअर बाजारात उतरताना कंपनीने कागदोपत्री सांगितलं, की हा मजकूर वापरू देण्याचे एकूण २०.३ कोटी डॉलरचे करार झाले आहेत. तुम्ही रात्री दोन वाजता कुणा अनोळखी माणसाला प्रेशर कुकरच्या शिट्टीबद्दल दिलेला सल्लाही आता विकाऊ माल आहे. यंत्रं तो वाचून हुशार होतात. तुम्हाला फार तर एक बाण मिळतो, वर दाखवणारा.

आंधळं दळतं नि कुत्रं पीठ खातं, ही म्हण आता बदलायला हवी. इथे दळणारे डोळस आहेत. ‘अटी मान्य’ असं बटण दाबूनच ते जात्यावर बसतात. आणि उठताना पीठ कुठे गेलं, हे विचारत नाहीत. लाइक किती पडले, ते विचारतात.