घोड्यावरचं निवेदन

डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात लग्नाळू तरुणांनी मोर्चा काढला. बाशिंग बांधून, घोड्यावर बसून, वाजतगाजत थेट कलेक्टर कचेरीवर. मागणी: बायको मिळवून द्या आणि गर्भलिंगनिदानबंदीचा कायदा कडक राबवा. असा कायदा महाराष्ट्राने १९८८ सालीच केला होता, देशात सर्वांत आधी. तरी २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे मुली ८०७. वंशाचा दिवा प्रत्येकाने आपल्या घरात लावला, सून जन्माला घालायचं काम शेजाऱ्यावर सोपवलं. शेजारीही हुशारच निघाला! आता मुलाच्या वेळी पेढे वाटलेली आई मध्यस्थाला म्हणते, ‘हुंडा नको, फक्त नारळ आणि मुलगी द्या.’ स्वतःच्या लेकीसाठी मात्र तिला पुण्यातला नोकरीवालाच हवा, शेतकरी नको.